पोळ्याच्या दिवशी शेणाला सुट्टी

माझ्या घरात मला पुढच्या दारानं प्रवेश नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायकोनं हा कायदा केला आणि तो अजून लागू आहे. कामावरून आलं की मागच्या अंगणात जायचं, हातपंपावर साबण लावून आंघोळ करायची, कपडे बदलायचे, मगच चहा. सवय इतकी पक्की की मुलीच्या लग्नातही मी मांडवात मागूनच शिरलो, आणि वरपक्षाच्या एका पाहुण्यानं मला आचाऱ्याचा माणूस समजून मठ्ठा मागितला. मी आणूनही दिला.

मी गोबरगॅसचा मिस्त्री. आदिलाबादपासून पैनगंगेच्या काठापर्यंत, इकडं बेला-जैनथ, तिकडं भैंसा-मुधोळ आणि वर इंद्रवेल्लीचा जंगलपट्टा, एवढ्या मुलखात कुणाच्या अंगणात विटांचा घुमट जमिनीतून डोकं वर काढून बसलेला दिसला तर तो बहुतेक माझ्या हातचा. आता गुडघे ऐकत नाहीत. खड्डा खोदायला दुसरी माणसं असतात, मी काठावर खुर्ची टाकून ओरडतो. ओरडण्यात मात्र मी अजून जवान आहे.

लोक विचारतात, शेणातून जाळ निघतो तरी कसा? मी त्यांना भाषण देत नाही, सरळ गावाबाहेरच्या डबक्यावर नेतो. डबक्याच्या तळाशी पालापाचोळा, गवत, काय काय कुजत पडलेलं असतं. काठीनं गाळ ढवळला की भुडूक भुडूक बुडबुडे वर येतात. एक लहान बाटली पाण्यानं भरून तिथं उपडी धरायची, खाली नरसाळं लावायचं, बुडबुडे आत घ्यायचे. बाटली भरली की बाजूला येऊन तोंडाशी काडी लावायची. फुस्स! निळा जाळ दिसतो न दिसतो तोच विझतो. मुधोळचा एक किराणा दुकानदार हे पाहून असा मागं सरकला की थेट डबक्यात बसला. "मिस्त्री, पाण्यात भूत हाय!" तेच भूत तुझ्या अंगणात बांधून देतो म्हटलं, तुझ्या बायकोचा स्वयंपाक करून देईल. महिनाभरात त्याचा खड्डा खोदून झाला.

त्या भुताचं नाव मिथेन. जिथं कुजणारं काही आहे आणि हवा पोचत नाही, तिथं तो तयार होतो. आम्ही फक्त त्याला घर बांधून देतो. एका बाजूला शेण आणि पाणी कालवायची टाकी, मध्ये जमिनीत हवाबंद घुमट, पलीकडं वापरलेला शेणकाला बाहेर यायची वाट. घुमटात दोन टोळ्या कामाला असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. पहिली टोळी शेण फोडून आंबवते. दुसरी टोळी ते आंबट खाते आणि गॅस सोडते. पहिली टोळी दांडगी, तिला काहीही चालतं. दुसरीचे मात्र लाड फार! हवा लागली की रुसली, थंडी पडली की झोपली, आणि साबण नाहीतर औषध पोटात गेलं की मेलीच. ही दुसरी टोळी येते कुठून? गाई-बैलांच्या पोटातूनच, शेणाबरोबर. नव्या खड्ड्यात तिचा जम बसायला वेळ लागतो. म्हणून मी चालू गॅसमधला चार ड्रम शेणकाला आणून नव्या खड्ड्यात ओततो. बायका विचारायच्या, हे काय? मी सांगायचो, "विरजण हाय, माय. दुधाले लागते तसं शेणालेबी लागते." बायकांना एका शब्दात सगळं कळायचं. या शब्दाचा मला फार अभिमान होता. पुढं त्याच शब्दानं माझी फजिती केली, ते सांगतोच.

गिऱ्हाईकं तर काय एकेक! ताम्सीकडचा एक जण रोज सकाळी घुमटाचं झाकण उघडून पाहायचा, गॅस झाला का ते. अरे बाबा, उघडलं की गेला ना तो! भैंशाच्या एका कापूस अडत्यानं मुलाच्या लग्नातलं उरलेलं वरण, भात आणि जिलेबी एकदम टाकीत ओतली. दुसऱ्या दिवशी खड्ड्यानं ते सगळं फेसासकट अंगणात ओकून टाकलं, नवी सून नेमकी उंबरठ्यावर उभी. जंगलपट्ट्यात हिवाळ्यात गॅस कमी होतो, तर तिथल्या एका म्हातारीनं घुमटावर स्वतःची गोधडी पांघरली होती. मी हसलो नाही. उपाय बरोबरच होता. फक्त गोधडी तुम्ही घ्या, याच्यावर कडबा टाका, एवढंच सांगितलं.

पण आज सांगायची आहे ती देवबाकाकांची गोष्ट. बेल्याच्या पुढं, नदीच्या अल्याडचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, काकांचंही बदललं आहे. बैलांची नावं मात्र बदलवेनात. एकाचं नाव तहसीलदार आणि दुसऱ्याचं गिरदावर. आमच्याकडं तहसीलदाराच्या हाताखालच्या महसुली साहेबाला निजामाच्या काळापासून गिरदावर म्हणतात. काका सांगायचे, "तहसीलदार जागचा हलत नाई, आन् गिरदावर त्याच्या मांगं मांगं फिरते. मंग दुसरं नाव काय ठेवू?" खिल्लारासारखे पांढरे, देखणे बैल. काकांचा त्यांच्यावर इतका जीव की घरी पाहुणा आला तर आधी गोठा दाखवायचे, मग बसायला सांगायचे.

वंदना ही काकांची सून. तिच्या माहेरचा गॅस मीच बांधलेला, ती परकरात होती तेव्हा. निळ्या जाळापुढं वाढलेली पोर लग्न होऊन पऱ्हाट्यांच्या चुलीपुढं आली. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं. पावसाळ्यात त्या ओल्या झाल्या की जाळ कमी आणि धूरच फार. सिलिंडर होतं घरात, पण काकांनी ते पाहुण्यांच्या चहासाठी राखून ठेवलेलं. वंदनाला दम लागायला लागला. दोन घागरी आणल्या की भिंत धरून उभी. आदिलाबादच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धुरापासून लांब राहा, नाहीतर हा दमा मुक्कामालाच येईल. तिचा नवरा गजानन कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, गरीब माणूस, बापापुढं तोंड उघडायची सोय नाही. शेवटी तिनंच मला फोन केला. "मिस्त्रीकाका, तुमी येऊन मामाजीले समजावा. माह्यानं आता श्वास घेणं होऊन नाई राह्यलं."

मी गेलो. काकांनी गोठा दाखवला, मग बसायला सांगितलं, मग म्हणाले, "शेणाच्या जाळावर चहा? वास येईन ना लेका!"

"नाई येत काका."

"येईन."

असं बरंच चाललं. शेवटी सूनच दारातून खोकली, खोकतच राहिली, आणि काकांनी हात वर केला. "बांध. पण आयक. ते जागा माह्या कापसाची हाय. दसऱ्याले पहिला कापूस घरी येते. तवापर्यंत तुहं भूत चाललं तं चाललं. नाई तं मी माह्या हातानं बुजवतो. मंग मले कोणी काई म्हणाचं नाई."

काका एकदा बोलले की बोलले. सगळ्या गावाला ते माहीत होतं.

मी जीव ओतून बांधला. गोठ्यापासून टाकीपर्यंत सिमेंटचा गुळगुळीत, उतरता ओटा केला, बैलांचं मूत्र आपोआप टाकीत जावं म्हणून. गावातली माणसं तो ओटा पाहायला यायची. श्रावणात शेगडी पेटली. वंदनानं पहिला चहा सासऱ्यांना दिला. काकांनी कप नाकाशी धरला, डोळे मिटले, हुंगलं. "वास येते," म्हणाले, आणि दोन कप प्यायले.

मग पोळा आला. पोळा म्हणजे आमच्याकडं बैलांचा राजेशाही दिवस. आदल्या संध्याकाळी हळद-लोण्यानं त्यांचे खांदे चोळायचे आणि कानाशी जाऊन आमंत्रण द्यायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी आंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, आणि पुरणपोळीचा नैवेद्य. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवणाऱ्याला आमच्याकडं माणसात धरत नाहीत.

पोळ्यानंतर थोड्याच दिवसांत वंदनाचा फोन. आवाज रडवेला. "मिस्त्रीकाका, जाळ मेला."

जाऊन पाहतो तो काका दारातल्या ओट्यावर बसलेले, चेहरा गंभीर. शेजारी गल्लीतली चार शहाणी माणसं. काका म्हणाले, "मिस्त्री, तुही चूक नाई. चूक आमची हाय. तहसीलदार रुसला."

"काऊन रुसला?"

"काऊन म्हंते! पोळ्याच्या दिवशी बैलाले जुंपत नाईत, आन् आमी त्याच्या शेणाले जुंपलं! बैल तिकडं तोरणाखाली नटून उभा, आन् इकडं त्याचं शेण आमचं पुरण शिजवून राह्यलं. त्याले समजत नाई काय?"

चार शहाण्यांनी माना हलवल्या. त्यातला एक म्हणाला, आपण तर पहिल्यापासूनच सांगून राह्यलो होतो. सांगितलं काहीच नव्हतं त्यानं.

मी टाकीत वाकून पाहिलं. कडेला पांढरा फेस वाळून बसलेला. काठीनं ढवळलं तर वासही निराळाच, शेणाचा कमी आणि दवाखान्याचा जास्त. मी वंदनाकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि मला मागच्या अंगणात बोलावलं. तिथं हळूच सगळं सांगितलं. पोळ्याच्या दिवशी नाल्याला पूर होता, बैल धुवायला नेता येईनात. मग काकांची नजर माझ्या गुळगुळीत ओट्यावर पडली. बेल्याच्या बाजारातून त्यांनी शाम्पूच्या पुड्यांची अख्खी माळ आणली होती. आधी कपड्याचा साबणचुरा लावला, मग शाम्पू, मग गोचिडांचं औषध पाण्यात कालवून अंगावरून ओतलं, आणि शेवटी गोठा पवित्र दिसावा म्हणून फिनाइलनं धुतला. आपल्या बैलांची हौस झाल्यावर काकांना गल्लीची दया आली. त्यांनी सगळ्यांचे बैल बोलावले. येईल त्या बैलाला शाम्पू! आणि ते सगळं पाणी माझ्या त्या सुंदर उतारावरून झुळझुळ वाहत टाकीत, टाकीतून घुमटात.

मी तिथंच उकिडवा बसलो आणि हसत सुटलो. हसू आवरेना. ती नाजूक दुसरी टोळी बिचारी, पिढ्यान् पिढ्या शेणात सुखानं राहिलेली, आणि तिच्यावर एका सकाळी शाम्पूचा महापूर! वंदनाही हसली, पण हसता हसता तिला दम लागला आणि ती भिंतीला टेकली. तेव्हा माझं हसू थांबलं. दसरा जवळ आला होता. घरात चूल पुन्हा पेटली होती. खड्डा बुजला असता तर या पोरीचं काही खरं नव्हतं.

"काकाले सांगून टाकू?" मी विचारलं.

"नका सांगू. बैलांसाठी जीव टाकते तो माणूस. आपल्याच हातानं झालं म्हून समजलं तं पुढच्या पोळ्याले बैलाले पाणी लावणार नाई. आन् गॅसचं तं नावच सोडा."

मी पुढं गेलो आणि तोंड शक्य तेवढं गंभीर करून म्हणालो, "काका, तुमचं बरोबर हाय. रुसला."

काकांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की काय सांगू. "मंग आता?"

"आता मनवा लागते. आतला माल खराब झाला, तो उपसून टाकू. नवं शेण घालू. आन् विरजण लागन, चालू गॅसमधलं."

"कुठून आणाचं?"

इथं मी जरा थांबलो. जवळपासचे बाकीचे गॅस बंद पडलेले. हे सांगताना वाईट वाटतं, पण खरं आहे. ट्रॅक्टर आले, बैल विकले गेले, शेण नाही तर गॅस कुठला. माझे कितीतरी घुमट आज कोंबड्यांच्या बसायच्या कामाला आहेत. जोमात चालू होता तो एकच, वंदनाच्या माहेरचा. म्हणजे वरपक्षाच्या माणसानं मुलीच्या माहेरी जाऊन शेण मागायचं! काकांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. रस्ता चिखलाचा, गाडी-टेम्पो जाणार नाही, जाणार ती बैलगाडीच, आणि तहसीलदाराला हाकणारा माणूस जगात एकच. "चाल," काका म्हणाले.

रिकामे ड्रम लादून आम्ही निघालो. तहसीलदार नावाला जागला. प्रत्येक बाभळीखाली त्याला विचार करायचा होता. पोचेपर्यंत दिवेलागण झाली. वंदनाची आई पार्वतीबाई, तुळशीपुढं दिवा लावून नुकत्याच वळलेल्या. इवाई आले म्हणून धावपळ, पाय धुवायला पाणी, चहा. इवाई म्हणजे व्याही. चहा झाल्यावर काकांनी माझ्याकडं पाहिलं, म्हणजे तूच माग. मी म्हणालो, "माय, गॅसमधला चार ड्रम शेणकाला पाह्यजे."

"कायले?"

"विरजण म्हून."

पार्वतीबाईंनी कानाला हात लावला. "अगं माय! दिवे लागल्यावर विरजण? घरातली लक्ष्मी काढून देऊ काय?"

"माय, अवो ते शेण हाय!"

"तुमीच सांगतलं होतं ना मिस्त्री, इथं, याच ओट्यावर उभं राहून, का हे विरजण हाय म्हून? तवा विरजण होतं आन् आता शेण झालं काय?"

मी आशेनं काकांकडं पाहिलं. काका मान डोलावत होते. "बरोबर बोलून राह्यल्या विहीणबाई. दिवेलागणीले विरजण देत नसतात. मिस्त्री, तुले रीतभात नाई." दोघांचं इतकं एकमत लग्नाच्या याद्या करतानाही झालं नसेल. मी आपला माझ्याच शब्दात अडकलो. मुक्काम पडला. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, ठेचा, सगळं निळ्या जाळावरचं. काकांनी भाकरी हुंगली, माझ्याकडं पाहिलं आणि तिसरी मागून घेतली.

सकाळी पार्वतीबाईंनी स्वतः उभं राहून ड्रम भरून दिले. वर हळद-कुंकू वाहिलं. गाडी निघताना डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "इवाई, पोरीले धूर सोसत नाई. एवढं ध्यानात असू द्या."

काका कासरा हातात घेत म्हणाले, "धूर कोणाले सोसते, विहीणबाई? माह्या मायनं जनम काढला धुरात. सवय होते." वाईट मनानं नव्हते म्हणाले. पण मला ते टोचलं. पार्वतीबाई नुसत्या ड्रमांकडं पाहत राहिल्या.

खराब माल उपसला, टाकी धुतली, नवं शेण आणि विरजण आत गेलं. मग मी बैलांसाठी हातपंपाजवळ वेगळा ओटा बांधला, उतार शेताकडं. काकांना सांगितलं, तहसीलदाराला न्हायला स्वतःचं न्हाणीघर पाहिजे, म्हणजे पुन्हा रुसणार नाही. काकांना हे फारच पटलं.

पण दिवस जात होते आणि शेगडी पेटत नव्हती. सुरुवातीला जो गॅस येतो तो कच्चा, त्यात न जळणारा वायूच जास्त. काडी लावली की काडीच विझते. मी तो सोडून द्यायचो आणि पुन्हा वाट पाहायचो. दसरा उजाडला. मी सकाळीच हजर. गजानन वेचलेल्या कापसाची गाडी घेऊन दारात उभा, आणि काका घुमटाशेजारी, हातात फावडं. वंदना चुलीपुढून उठून आली होती, डोळे लाल. मी काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. विझली.

"काका, उद्या पेटन. परवा तं नक्कीच पेटन."

"दसरा आज हाय," काका म्हणाले. मग सुनेकडं पाहिलं, मग गोठ्याकडं. "मी गावात सोनं वाटून येतो. तवर पेटला तं पेटला." फावडं घुमटाला टेकवून ठेवलं आणि आपट्याची पानं घेऊन गेले. आमच्याकडं दसऱ्याला घरोघर जाऊन आपट्याची पानं सोनं म्हणून देतात, वडीलधाऱ्या माणसाला सगळं गाव पालथं घालावं लागतं. तेवढीच आम्हाला सवड.

मी नळी सोडून कच्चा गॅस जाऊ दिला. मनातल्या मनात त्या दुसऱ्या टोळीच्या हातापाया पडलो. माय हो, तुमच्यासाठी दिवेलागणीला शिव्या खाल्ल्या, आता तरी लाज राखा! मग काडी वंदनाच्या हातात दिली. म्हटलं, तूच लाव, माझा हात आज अपशकुनी आहे.

तिनं लावली. आधी पिवळी जीभ, मग फरफर, मग एकदम निळा गोल, शेगडीभर! वंदना किंचाळली. गजाननानं कापसाची गाडी तशीच सोडून आत उडी मारली. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, पण गजानन सांगतो की मी फावडं खांद्यावर घेऊन घुमटाभोवती नाचलो. या वयात, या गुडघ्यांनी! काका आले तेव्हा चहा तयार होता. कप नाकाशी धरला. डोळे मिटले. "वास येते," म्हणाले, आणि एक आपट्याचं पान शेगडीशेजारी ठेवलं.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. वर्षभर गॅस छान चालला. वंदनाचा खोकला गेला, भिंत सुटली. सिलिंडर रिकामं झालं ते कुणी भरूनही आणलं नाही. आणि मग पुन्हा पोळा आला, आणि सकाळीच वंदनाचा फोन. "मिस्त्रीकाका, या. मामाजीनं गॅस बंद केला."

धावत गेलो. गॅसच्या नळाला आंब्याच्या पानांचं तोरण, कुंकवाचं बोट. काका नव्या धोतरात. "आज सुट्टी," म्हणाले. "बैलाले सुट्टी, शेणालेबी सुट्टी. मांगच्या वर्षी चुकलो, आता नाई चुकत."

माझ्या तोंडापर्यंत शाम्पू आला होता. वंदनानं डोळ्यांनी दाबला. मी चिडूनच विचारलं, "मंग पुरण कोण शिजवन? हे पोरगी? धुरात?"

काकांना राग आला. "पोरगी काऊन? शब्द माहा हाय ना? मंग चूल मी पेटवतो. दोन पऱ्हाट्या पेटवाले काय लागते!"

आणि खरंच बसले. नवं धोतर सावरून, चुलीपुढं. रात्रभर झड लागलेली, पऱ्हाट्या सर्द झालेल्या. काकांनी काडी लावली, फुंकणी तोंडाला लावली आणि फुंकलं. धूर सरळ त्यांच्या तोंडावर आला. पुन्हा फुंकलं. आणखी धूर. आम्ही दारात उभे. काका ठसकले, मान वळवली, पुन्हा फुंकलं. डोळ्यांतून पाणी वाहून मिशीत जायला लागलं. पुरणाची डाळ अजून थंडच होती. मग त्यांना असा खोकला सुटला की फुंकणी हातातून पडली, आणि गजाननानं त्यांना धरून बाहेर आणलं.

बराच वेळ काका उंबरठ्यावर बसून नुसता श्वास घेत होते. मग डोळे पुसत त्यांनी सुनेकडं पाहिलं. "रोज असंच होये काय, पोरी?"

वंदना म्हणाली, "नाई मामाजी. आज लाकडं जरा बरी हायत."

 काकांची मान खाली गेली. इतकी वर्षं मी या माणसाला ओळखतो, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. मला त्या क्षणी त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर मनातून आनंदही झाला. "माह्या मायले बी..." एवढंच म्हणाले आणि थांबले. मग उठले, गोठ्यात गेले. तहसीलदार शिंगं रंगवून, बाशिंग बांधून ऐटीत उभा होता. काकांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं, आदल्या संध्याकाळी आवतण दिलं होतं तसंच, आणि हात जोडून बोलले. आम्हाला ऐकू येत होतं.

"बापा, रागावू नको. हे काम नोहे. पोळी तुहीच हाय. तुह्या शेणानं तुह्याच जेवणाले जाळ द्यायचा, त्यात जुंपणं कायचं? मी येडा. पोरीले त्रास झाला, मले दिसलं नाई. आता तू हो म्हण."

तहसीलदारानं माशी हाकलायला मान हलवली. काका वळले, तरतरा आले, नळावरचं तोरण काढून स्वतःच्या हातानं शेगडीला बांधायला निघाले, ते मी वेळेवर हिसकावून घेतलं म्हणून बरं, नाहीतर तेच आधी पेटलं असतं. मग त्यांनी नळ उघडला आणि काडी सुनेपुढं धरली. "लाव, माय."

पुरण शिजलं. पोळ्या झाल्या. पहिली पोळी, तुपात भिजवलेली, काकांनी तहसीलदारापुढं धरली. त्यानं हुंगली. काका श्वास रोखून उभे. तहसीलदारानं पोळी एका घासात गिळली, ताटही चाटलं आणि दुसरीसाठी मान पुढं केली.

काका माझ्याकडं वळले. डोळे अजून लालच होते, पण मिशीखाली हसू मावत नव्हतं.

"मिस्त्री," म्हणाले, "हा तं म्हंते, वास येत नाई."